बामणोलीहून पाण्याच्या वाटेनं

"हितं पाणी उथळ. हितं होडी डोक्यावर घ्याय लागंल," असं म्हणत नाथाजीनं नकाशावर बोट टेकवलं आणि बोटाचं काळं वंगण नेमकं कोयनेच्या पात्रात उमटलं.

"हवालदार, हात पूस की आधी!" धन्यकुमार कळवळला. "चार रविवार गेलेत माझे या कागदात."

"ऱ्हाऊ दे की. खडक हाय असं समजायचं."

डिग्रजच्या नदीकाठी, पंपाच्या खोलीत दोघं जमिनीवर मांडी घालून बसले होते. नकाशाच्या कोपऱ्यांवर नट आवळायचे दोन पाने, एक तेलाची झारी आणि धन्यकुमारचा जेवणाचा डबा ठेवला होता. शेजारी पंप एका सुरात चालला होता आणि त्या आवाजानं फरशी बारीक थरथरत होती. फरशीबरोबर कागद थरथरायचा, आणि कागदावरच्या निळ्या रेघा वाहत असल्याचा भास व्हायचा. धन्यकुमारला ते फार आवडे. कचेरीतल्या टेबलावर नदी कधी हलत नसे.

एकाहत्तर सालचा हिवाळा होता. धन्यकुमार मगदूम सांगलीला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ट्रेसर होता. साहेबांनी आखलेल्या नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची, हे त्याचं काम. बाविसाव्या वर्षी तो साताऱ्याच्या कचेरीत लागला तेव्हा पहिलंच मोठं काम हाती आलं ते कोयनेच्या जलाशयाचं. धरण अजून व्हायचं होतं. पण पाणी कुठवर चढणार ती रेघ ठरली होती. तीन महिने तो ती एकच रेघ काढत होता. प्रत्येक ओढ्यात आत शिरायचं, तळाशी जाऊन वळायचं, दुसऱ्या अंगानं बाहेर यायचं, टेकडीला वळसा घालायचा की पुढचा ओढा. संध्याकाळी खोलीवर जाऊन डोळे मिटले तरी हात त्या वळणांनी फिरत राही. पुढे धरण झालं, पाणी चढलं आणि त्या रेघेपाशी येऊन थांबलं, असं लोक सांगत. धन्यकुमारनं ते पाहिलं नव्हतं. खरं तर तो कमरेपेक्षा खोल पाण्यात कधी उतरलाच नव्हता. लहानपणी आईनं उतरू दिलं नाही, आणि मोठेपणी शिकायची लाज वाटली.

नाथाजी मोहिते डिग्रजचाच. खडकीच्या सॅपर पलटणीत, फौजेसाठी पूल बांधणाऱ्यांत, सोळा वर्षं काढून हवालदार होऊन घरी आला आणि गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर मेकॅनिक म्हणून बसला. पाण्याखाली दीड मिनिट दम धरणारा माणूस. दोघांची गाठ पडली ती या पंपाच्या खोलीमुळेच. ओव्हरसियर आजारी होता म्हणून जागा तपासायला धन्यकुमारला पाठवलं होतं. त्याच्या हातातला नकाशा नाथाजीनं उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "रेघा झ्याक हायत. पर ट्रेसरसाब, ही नदी कुनीतरी काठाकाठानं चालत जाऊन काढलीया. पान्यातनं अशी दिसत न्हाई."

धन्यकुमारला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यानं विचारलं, "मग कशी दिसते?"

त्याचं उत्तर द्यायला नाथाजीला त्या दिवशी वेळ पुरला नाही. म्हणून पुढच्या रविवारी धन्यकुमार सायकल मारत पुन्हा आला. मग दर रविवारी येऊ लागला.

"पलटणीत असताना मी बारा नद्या वलांडल्या," नाथाजी सांगायचा. "आसामात, काश्मिरात, कुठं कुठं. फौज ह्या काठावरनं त्या काठावर न्यायाची, झालं काम. सगळ्या नद्या आडव्याच बघितल्या गड्या. एक नदी कवा उभी बघितली न्हाई. ती कुठनं येतीया, कुठं चाललीया, तिच्यासंगं जावं, वाटंत गळ टाकून बसावं, असं कवा झालंच न्हाई."

त्यातूनच बेत निघाला. वर तापोळ्याला होडी पाण्यात घालायची. बामणोलीवरून जलाशय धरून धरणापर्यंत यायचं. तिथं होडी उचलून भिंतीच्या खाली न्यायची, मग पाटणवरून कऱ्हाड, कऱ्हाडला कृष्णेत शिरायचं आणि भिलवडीवरून थेट डिग्रजचा घाट. दहा दिवस लागतील असा धन्यकुमारचा हिशेब होता. प्रत्येक मुक्काम त्यानं लाल टिंबानं दाखवला होता.

अडचण एकाच गोष्टीची होती. ती म्हणजे मासे.

"हवालदार, मी बरोबर असताना जीव मारायचा नाही," धन्यकुमारनं बजावलं.

"आता घ्या! मग मी काय माशास्नी नमस्कार कराय येऊ?"

दोन रविवार त्यावर वाद झाला. शेवटी तह झाला तो असा. धन्यकुमार दिवस मावळायच्या आत जेवायचा. त्याचं जेवण आटोपलं की नाथाजीनं गळ घेऊन वळणापलीकडं, नजरेआड जायचं. काय धरलं, काय भाजलं, हे परत आल्यावर सांगायचं नाही.

"आणि वास आला तर?"

"वारं बघून बसतो की," नाथाजी म्हणाला. "तुला वास आला तर म्हंजे मी सॅपर न्हाई."

होडी त्यांनी स्वतः केली. नाथाजीनं शिराळ्याकडून बांबू आणवले, ते भिजवून, शेकून वाकवले आणि चौदा फुटी सांगाडा बांधला. वर जाड कॅनव्हास ताणायचं होतं, पण शिवणीतून पाणी येणार म्हणून काम अडलं. तेव्हा नाथाजीला ज्ञानूची आठवण झाली. ज्ञानू चांभार पूर्वी विहिरीवरच्या मोटा शिवायचा. गावात पंप आले तशा मोटा गेल्या, आणि ज्ञानूचं बोलावणं बंद झालं. त्यानं होडीभोवती दोन चकरा मारल्या, कॅनव्हास चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाला, "माझी शिवान गळली तर माज्या हातावर थुका." आठ दिवस तो मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवत होता. कामाचं काही द्यायला गेलं तर त्यानं हात मागं घेतला. "लय दिसांनी पान्याचं काम केलं," एवढंच म्हणाला. वरून डांबराचे दोन हात दिले आणि होडी नदीत सोडली. थेंब आला नाही.

पण जायचं मात्र राहत गेलं. बहात्तरला पाऊस झाला नाही. नदीची डबकी झाली आणि होडीची गोष्ट काढायचीही लाज वाटू लागली. त्र्याहत्तरला कचेरीत रजा मिळेना, कारण दुष्काळी कामांच्या नकाशांचे ढीग पडले होते. चौऱ्याहत्तरला धन्यकुमारच्या मुलीचं, शालनचं, लग्न ठरलं. दर वर्षी नवा नकाशा निघे, लाल टिंबं थोडी इकडची तिकडं सरकत, आणि होडी पंपाच्या खोलीत आढ्याला टांगलेली राही. त्याचं दुःख दोघांनाही फारसं नव्हतं. जायचं आहे, हे ठाऊक असणं हाच एक प्रवास होता, आणि तो रविवारी दुपारी दोन ते पाच नेमानं चालू होता.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात नाथाजीला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. डोकं दुखायचं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. एकदा भर दुपारी तो पंपाच्या खोलीच्या दारावर आदळला तेव्हा रंगूबाईनं, त्याच्या बायकोनं, त्याला धरून मिरजेला नेलं. काचबिंदू होता, आणि फार उशीर झाला होता. वर्षभरात डावा डोळा गेला, मग उजवा. पंपावर दुसरा माणूस आला. नाथाजी घराच्या सोप्यावर, पुढच्या ओसरीत, खांबाला टेकून बसू लागला.

पहिल्या काही रविवारी धन्यकुमार गेला तेव्हा नाथाजी बोललाच नाही. मग एका रविवारी धन्यकुमारनं पाहिलं, तर घरामागच्या परड्यात कडब्याच्या गंजीवर होडी पालथी घातलेली.

"त्यांनीच सांगितलं भाऊजी," रंगूबाई खालच्या आवाजात म्हणाली. "म्हनले, कॅनव्हास हाय, कडबा तर भिजनार न्हाई."

धन्यकुमार सोप्यावर येऊन बसला. सवयीनं त्यानं पिशवीतला नकाशा काढला आणि मांडीवर पसरला. कागदाचा आवाज ऐकून नाथाजीनं मान फिरवली. आणि स्वतःलाही ठाऊक नसताना धन्यकुमार बोलून गेला :

"सकाळी सात वाजता बामणोली सोडलं. पाणी संथ होतं. उजव्या हाताला पहिला ओढा लागला. तो आत तीन फर्लांग जातो, मग फुटतो."

नाथाजीची मान तशीच फिरलेली राहिली.

"आपण आत शिरलो नाही. सरळ दक्षिणेला धरलं. डावीकडं टेकडीचं नाक पुढं आलं होतं. त्याला वळसा घातला. नऊ वाजले असतील..."

अर्धा तास तो बोलत राहिला. समोरच्या रस्त्यानं बैलगाड्या गेल्या, रंगूबाईनं चहा आणून ठेवला, तो निवला. धन्यकुमार बोलायचा थांबला. मग नाथाजी खांबाकडं तोंड करून म्हणाला, "नऊ वाजता नाकाला वळसा घालशील तर मरशील. त्या टायमाला खिंडीतनं वारं सुटतंय. दुपारपतोर थांबाय पायजे."

"मग थांबलो," धन्यकुमार म्हणाला.

"कुठं?"

"ओढ्याच्या तोंडाशी."

"सावली हाय?"

धन्यकुमारनं नकाशाकडं पाहिलं. त्यावर सावली नव्हती. "आहे," तो म्हणाला. "जांभळीची."

असे अकरा रविवार गेले. धन्यकुमार सांगायचा आणि नाथाजी दुरुस्त करायचा. वाऱ्याचं, लाटांचं, वल्हं कुठं धरायचं त्याचं. घटकाभर सोपा, खांब, परडं सगळं बुडून जाई आणि दोघं कुठल्याशा निळ्या वळणावर असत. बाराव्या रविवारी धन्यकुमारनं नकाशा उघडला तसा नाथाजीनं हात पुढं करून तो चाचपत मिटला.

"लय झालं सांगून," तो म्हणाला. "चल आता."

रंगूबाई आतून तरातरा बाहेर आली. "कुठं चल? आवं, एकाला दिसत न्हाई आन् एकाला पवता येत न्हाई! तुमी दोगं मिळून एक मानूस बी हुईत न्हाई!"

धन्यकुमारला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. पण त्यानं नाथाजीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा तो चेहरा कशाची तरी वाट पाहत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "काठाकाठानं जातो."

बेत आखडता घेतला. दहा दिवसांचे तीन झाले, बामणोली ते कोयनानगर एवढंच. घरी प्रभावतीला, आपल्या बायकोला, धन्यकुमारनं सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं. रागावली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मळ्यातून ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब मागून आणली, हवा भरून रात्रभर हौदात बुडवून ठेवली, आणि सकाळी बुडबुडे येत नाहीत हे पाहून त्याच्यापुढं टाकली. "ही कमरेला. झोपतानासुद्धा," ती म्हणाली. मग दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि पाणी गाळायचं फडकं बांधून दिलं. फडक्याच्या घड्या घालताना मात्र तिचा हात थांबला. "नाथाजीभाऊंना मासा मिळू दे म्हणावं, की न मिळू दे?" तिनं विचारलं. धन्यकुमारनं फडकं तिच्या हातातून घेऊन पिशवीत ठेवलं.

सत्याहत्तरच्या जानेवारीत एका ट्रकवर होडी बांधून दोघं साताऱ्यावरून बामणोलीला पोचले. जलाशय पहिल्यांदा दिसला तेव्हा धन्यकुमार काठावर उभाच राहिला.

"काय रं? गप का?" नाथाजीनं विचारलं.

"हवालदार," तो म्हणाला, "काठ माझ्या रेघेसारखाच काढलाय."

नाथाजी पुढं बसला आणि धन्यकुमार मागं. धन्यकुमारनं ट्यूब कमरेला चढवली, णमोकार मंत्र म्हटला आणि होडी ढकलली. पहिला तासभर त्याची बोटं वल्ह्यावर पांढरी पडली होती. कॅनव्हासच्या पातळ कातडीखाली पाणी हलताना मांड्यांना कळत होतं. नाथाजी मात्र बसल्या जागी बदलला. सोप्यावर खांबाला टेकून बसणारा माणूस इथं ताठ होता. "उजवीकडं खडक हाय," तो म्हणे, आणि खरंच असे. "कसं कळलं?" "पानी कसं बोलतंय बघ की. हुंदडतंय." धन्यकुमार मग पुढचं वळण सांगे. त्याला ते पाठ होतं. बावीस वर्षांपूर्वी हातानं गिरवलेलं प्रत्येक नाक, प्रत्येक ओढा नेमका ठरल्या जागी येत होता, आणि प्रत्येक वेळी त्याला ओळखीचं माणूस वाटेत भेटल्यासारखं वाटत होतं. दुपारचं ऊन पाण्यावरून उलटून डोंगरांच्या पोटावर नाचत होतं.

पहिला मुक्काम काठावरच्या चार झोपड्यांपाशी पडला. तिथं मनुबाई नावाची म्हातारी होती. तिनं चूल पेटवून दिली, धन्यकुमारचं दिवस मावळायच्या आतलं जेवण पाहिलं, कमरेची ट्यूब पाहिली, आणि कोण, कुठले अशी चौकशी केली. नकाशे काढतो म्हटल्यावर ती जवळ सरकली.

"ह्या पान्याचा बी तुमीच काढला व्हय?"

धन्यकुमारचा घास हातात राहिला. "हो," तो म्हणाला.

"मंग आमची तळवडी व्हती का त्यात?"

तळवडी. बुडणाऱ्या गावाचं ते नाव त्यानं लिहिलं होतं. तिरक्या, बारीक अक्षरात, आणि मग त्यावरून निळ्या आडव्या रेघा ओढल्या होत्या, कारण साहेबांनी सांगितलं होतं की नाव दिसलं पाहिजे पण पाणीही दिसलं पाहिजे.

"होती आजी. दोन ओढ्यांच्या मध्ये. वरच्या बाजूला देऊळ."

"भैरुबाचं!" म्हातारी एकदम म्हणाली. "आन् आमचं घर?"

घरांची टिंबं होती. सतरा की अठरा. कुठलं कुणाचं ते टिंबांवर लिहिलेलं नव्हतं. धन्यकुमार खोटं बोलू शकला असता. सावली नसलेल्या कागदावर जांभूळ त्यानं उभं केलंच होतं. पण इथं त्याची जीभ रेटेना.

"घरं नुसती टिंबं होती आजी. मला ठाऊक नव्हतं कुणाची ते."

म्हातारीनं मान हलवली. त्याला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, शिव्या देईल. तिनं काडीनं राखेत दोन ओढे काढले, वर देवळाचा ठिपका दिला, आणि त्याच्या जरा खाली, डावीकडं, बोट रोवलं. "हितं," ती म्हणाली. "आता परत कवा काढला तर ध्यानात ठेवा." आणि भाकऱ्या थापायला उठून गेली.

धन्यकुमारनं नकाशा काढला, पेन्सिलीनं त्या जागी एक टिंब दिलं आणि शेजारी लिहिलं, मनुबाई. नाथाजीनं पेन्सिलीचा आवाज ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतकं धुकं होतं की होडीचं पुढचं टोक दिसेना.

"काय दिसतंय?" नाथाजीनं नेहमीसारखं विचारलं.

"काही नाही. नुसतं पांढरं. मला तूही नीट दिसत नाहीस."

नाथाजी मोठ्यानं हसला. किती दिवसांनी तो असा हसला होता. "मग आता सरळ मार. मी सांगतो तसं." आणि दोन तास होडी आंधळ्यानं नेली. धन्यकुमार डोळे मिटून वल्हवत होता. मिटले काय आणि उघडले काय, सारखंच होतं. खाली पाणी, वर पाणी, आणि मधे कुठूनतरी नाथाजीचा आवाज, "हळू... आता डावं... बास." त्याला आपण पोहता न येणारे आहोत याचा विसर पडला. ट्यूब सकाळी कमरेला चढवायची राहून गेली होती, तेही कळलं नाही.

ऊन वर आलं तसं नाथाजीनं गळ काढला. वळणापलीकडं नजरेआड जायचा तह आता मोडलाच होता. आंधळ्या माणसाला एकटं कुठं पाठवणार? धन्यकुमारनं पाठ फिरवली आणि डोंगर बघत बसला. बराच वेळ काही झालं नाही. मग होडी एकदम कलली आणि नाथाजी ओरडला, "आला! आला रं!"

दोर ताणला, सैल झाला, पुन्हा ताणला. नाथाजीनं शांतपणे त्याला दमवला. शेवटी होडीच्या तळात काहीतरी जड धपकन आदळलं. नाथाजी खाली वाकून चाचपू लागला, आणि हात झटकून मागं घेतला. गळाचा दुसरा आकडा त्याच्या तळहातात रुतला होता. तिथून रक्त येत होतं, आणि हाताला जोडून मासा उसळत होता.

"धन्यकुमार," तो म्हणाला. ट्रेसरसाब म्हणाला नाही. "मला सुटंना."

धन्यकुमारनं आयुष्यात मासा हातात धरला नव्हता. तो पुढं सरकला. नाथाजीच्या हातातला आकडा आधी काढला. मग माशाला धरलं. मरळ होती, हातभर लांब, आणि तिच्या अंगातली ताकद पाहून तो दचकला. ती गार होती, पण मेलेल्या गारव्यासारखी गार नव्हती. त्यानं दात आवळून तोंडातला गळ सोडवला. आता ती नुसती त्याच्या दोन हातांत होती.

"केवढी हाय?"

"हातभर. पाठ काळी, पोटाशी पांढरी. डोळे..." तो थांबला. "डोळे उघडे आहेत."

"ठेवायची का सोडायची, तूच बघ," नाथाजी म्हणाला. "मला काय दिसतंय?"

हात जरा सैल केले असते तर काम झालं असतं. धर्मही राहिला असता. पण सहा वर्षांचे रविवार धन्यकुमारपुढं उभे राहिले. त्यानं मासळी नाथाजीच्या हातांत दिली. "तुझी आहे," तो म्हणाला. "तू बघ."

नाथाजीनं ती डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपली. खवल्यांवरून अंगठा फिरवला, वजन तोललं. मग होडीच्या काठावरून दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि तसाच बसून राहिला. थोड्या वेळानं हात बाहेर आले तेव्हा ते रिकामे होते. निसटली की सोडली, हे धन्यकुमारनं तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी दोघांनी मिळून प्रभावतीच्या दशम्या खाल्ल्या, उजेड असतानाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी धरणाची भिंत लांबून दिसू लागली. नाथाजीनं सकाळीच काठावर अंघोळ केली होती, केस ओल्या हातानं बसवले होते आणि पलटणीतला खाकी शर्ट घातला होता. जखमेवर फडकं बांधलं होतं. तो पुढं ताठ बसला होता.

डाव्या हाताला, पाण्याच्या मधोमध, एक लाँच येत होती. बाजाराला निघालेल्या बायाबापड्यांनी ती भरली होती. डांबर फासलेली ती विचित्र होडी पाहून सगळे एका बाजूला झाले. एकानं तोंडाशी हात धरून हाळी दिली, "कुठलं पावनं ओ?"

आवाज उजवीकडच्या कड्यावर आदळून परत आला. नाथाजीला तो तिकडूनच आल्यासारखा वाटला. तो उजवीकडं वळला, छान हसला, आणि रिकाम्या डोंगराकडं बघून त्यानं हात वर केला.

लाँचवर एक बाई दुसरीच्या कानाला लागली. कुणीतरी हसलं.

धन्यकुमारनं वल्हं पाण्यात खोल रोवलं आणि सगळा भार देऊन ओढलं. होडी जागच्या जागी फिरू लागली. डोंगर मागं सरकला, भिंत सरकली, मग पाणी, आणि मग नाथाजीचं तोंड बरोबर लाँचसमोर आलं. तिथं धन्यकुमारनं वल्हं उलटं धरून होडी थोपवली.

होडी फिरली हे नाथाजीला कळलं नसेल असं नाही. त्याची पाठ आणखी सरळ झाली.

"डिग्रजचं!" त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं. "बामनोलीवरनं आलोय, पान्यानं!"

"मासं गावलं का?"

"गावलं की! लय मोठं गावलं!"

लाँचवरचे सगळे हात हलवू लागले. पोरं ओरडली. इंजिनाचा आवाज जवळ आला, बाजूनं गेला आणि लांबत लांबत डोंगराआड विरला. लाँचच्या लाटा पाण्यावरून सावकाश येऊन होडीखाली शिरेपर्यंत नाथाजीनं हात खाली घेतला नाही.